आई-बाबा, सात वर्षांचा मुलगा आणि सॅन लुईसचे एल्क: एका दिवसाचा बेत

प्रश्न आहे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणाऱ्या एका कुटुंबाचा. डिसेंबरात पुण्याहून आई-बाबा येत आहेत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि दर हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणारे. आईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. आणि मुलाला ‘खूप मोठ्या शिंगांचं हरीण’ बघायचंय. एका दिवसात पक्षी आणि एल्क दोन्ही होतील का, कुठे जावं, किती वाजता, सोबत काय घ्यावं, की सरळ यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान गाठावं?

आधी यलोस्टोन डोक्यातून काढून टाका. डिसेंबरात तिथले बहुतेक रस्ते खासगी गाड्यांना बंद असतात. त्याच्या दक्षिणेला जॅक्सनजवळ 1912 सालचं नॅशनल एल्क रेफ्यूज, म्हणजे एल्कचं अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे हजारो एल्क उतरतात आणि घोड्यांच्या घसरगाडीतून त्यांच्या कळपापर्यंत नेतात. बघण्यासारखं आहे यात वाद नाही, पण विमानाचं भाडं, हॉटेल, शून्याखालचं तापमान आणि दुखरे गुडघे असं सगळं एकत्र जमवायचं म्हणजे अवघड काम आहे. तुमच्या घरापासून दोन तासांवर जे आहे ते आधी बघा.

लॉस बानोस गावाच्या उत्तरेला सॅन लुईस नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज आहे. सव्वीस हजार एकरांहून जास्त पाणथळ, गवताळ आणि नदीकाठची जमीन, आणि प्रवेश फुकट. एल्कचा एक आणि पाणपक्ष्यांचे दोन, असे गाडीतून फिरायचे तीन मार्ग आहेत. गेली एकोणीस वर्षं मी तिथे दर हिवाळ्यात तीन-चार वेळा तरी जातो. माझं मूळ गाव निफाड तालुक्यातलं, शाळेत असताना सायकल मारत नांदूर मध्यमेश्वरला जायचो. त्यामुळे मी या जागेकडे बघतो तो जरा त्या नजरेने, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला सल्ला वाराचा. डिसेंबरात शाळेला सुट्टी असेल, म्हणून सोमवार, मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार निवडा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीअखेरपर्यंत बदकांच्या शिकारीचा मोसम असतो आणि रेफ्यूजच्या काही भागांत शनिवार, रविवार आणि बुधवारी शिकारीला परवानगी असते. गाडीच्या मार्गांवर तुम्हाला धोका नाही, पण बंदुकीचे बार ऐकू येतात आणि पक्षी बिथरलेले असतात. अभयारण्यात शिकार म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला धक्काच बसतो, मलाही बसला होता. पण इथली कितीतरी पाणथळ जमीन ‘डक स्टॅम्प’च्या पैशातून विकत घेतलेली आहे. हे तिकीट 1934 साली सुरू झालं, बदकांच्या शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा पक्ष्यांसाठी जमीन घेण्यात जातो. मी बंदूक कधी हातात धरली नाही, पण तिकीट दरवर्षी घेतो. पंचवीस डॉलर.

आता वेळ. पक्षी बघायचे म्हणजे पहाटे निघायचं, ही भिगवणची सवय इथे डिसेंबरात मोडावी लागते. सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे सॅन लुईस ज्या सखल खोऱ्यात आहे तिथे, पाऊस पडून गेला की त्यानंतरच्या थंड, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत दाट धुकं धरतं. त्याला इथे ‘टूली फॉग’ म्हणतात. टूली म्हणजे इथल्या दलदलीत उगवणारं उंच लव्हाळं. हे धुकं महाबळेश्वरच्या धुक्यासारखं फोटो काढण्याचं नाही. एका जानेवारीत 165 नंबरच्या रस्त्यावर मला माझ्याच गाडीचं बॉनेट धड दिसेना. कसाबसा लॉस बानोसला परत आलो आणि पेट्रोल पंपाच्या आवारात थर्मासमधला चहा पीत दोन तास बसून राहिलो. हे धुकं बहुधा सकाळी दहा-अकरापर्यंत विरतं. त्यामुळे आठच्या सुमाराला घरून निघा. 101 ने गिलरॉय, तिथून 152 ने पचेको घाट ओलांडून लॉस बानोस, मग 165 ने उत्तरेला आणि उजवीकडे वोल्फसेन रोड. वाटेत एकदा थांबून सव्वादहा-साडेदहाला पोचाल. निघण्याआधी हवामानाचा अंदाज आणि रेफ्यूजच्या सूचना बघा. जोराचा पाऊस झाला की मातीचे रस्ते बंद ठेवतात. धुकं असेल तर दिवे मंद ठेवा, प्रखर दिव्याने समोर पांढरी भिंतच उभी राहते.

पोचल्यावर आधी एल्क. इथे मुलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही: हे एल्क कुंपणात आहेत. साधारण साडेसातशे एकरांचं कुंपण, त्याच्या भोवतीने सुमारे पाच मैलांचा रस्ता. म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे, पण मोकळं रानही नव्हे. कळप कधी रस्त्यापासून पन्नास पावलांवर असतो, तर कधी पार मधोमध, दुर्बिणीतही तपकिरी ठिपके. मोकळे एल्क बघायचे तर पॉइंट रेयेसला जाता येतं. पण तिथे वारा झोंबतो, बरंच चालावं लागतं आणि बाबांना हवेत तेवढे पाणपक्षी एका जागी मिळणार नाहीत. सुसून खाडीतल्या ग्रिझली आयलंडवरही मोकळा कळप आहे, पण बदकांच्या शिकारीच्या दिवसांत तिथे इतरांना फिरण्यावर बरीच बंधनं असतात. तुमच्या गरजेला सॅन लुईसच बरं.

हे कुंपण का आहे, ती गोष्ट गाडीत सांगण्यासारखी आहे. टूली एल्क ही उत्तर अमेरिकेतल्या एल्कची सगळ्यांत लहान उपजात आणि ती फक्त कॅलिफोर्नियात सापडते. सोन्याच्या शोधात माणसं इथे लोटली त्याआधी त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असावी असा अंदाज आहे. मग मांसासाठी आणि कातड्यासाठी शिकार झाली, कुरणं गुरांनी खाल्ली, दलदली उपसून शेतं झाली. 1873 साली राज्याने शिकारीवर बंदी आणली तेव्हा बंदी घालायला फारसं काही उरलेलंच नव्हतं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत बेकर्सफील्डच्या बाजूला लव्हाळ्याची दलदल उपसताना मूठभर एल्क सापडले. ती जमीन हेन्री मिलरची होती. हा जर्मनीतून आलेला खाटीक, पुढे लाखो एकरांचा आणि गुरांच्या प्रचंड कळपांचा मालक झाला, आणि त्याच्या कारभाराचं एक मुख्य ठाणं लॉस बानोसलाच होतं. दलदली कोरड्या करण्यात या माणसाचा हात मोठा, आणि उरलेल्या एल्कना हात लावायचा नाही असा हुकूम काढणाराही तोच. आज जे पाच हजारांवर टूली एल्क आहेत ते सगळे त्या मूठभरांचे वंशज. सॅन लुईसला 1974 साली अठरा जनावरं आणून सोडली. कुंपणात वाढवायची आणि जास्त झाली की दुसरीकडे नेऊन नवा कळप बसवायचा, अशी ती सोय आहे.

नागपूरकडच्या कुणाला हे सांगितलं की लगेच कान्हा आठवतं, आणि ते बरोबरच आहे. कान्हातला बारशिंगा 1970 साली 66 वर आला होता, तोही कुंपणात जपूनच वाढवला. आणि बारशिंगा हाही मुळात पाणथळ गवताळ भागातल्या हरणांच्या कुळातला. मुलाने विचारलं की एल्कला मराठीत काय म्हणायचं, तर बारशिंगा म्हणू नका, सांबरही नको, एल्कच म्हणा. आकाराने मात्र आपल्या सांबराएवढा धरून चाला. आणखी एक घोळ: युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो अमेरिकेतला मूस, वेगळाच प्राणी. मुलाच्या पुस्तकात चित्र कुठलं आहे ते एकदा बघून घ्या.

शिंगांबद्दल. डिसेंबर त्या दृष्टीने चांगला महिना आहे. माजाचा काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा. तेव्हा नर शिट्टीसारखी लांब आरोळी देतात आणि शिंगांनी गवत उपटून डोक्यावर मिरवतात, पण उन्हाळा असा की पारा चाळीसला टेकतो. आई-बाबांना तेव्हा नेऊ नका. मोठे नर फेब्रुवारी-मार्चपासून शिंगं टाकतात आणि ती पुन्हा नव्याने वाढतात. म्हणजे डिसेंबरात शिंगं शाबूत असतात आणि मारामाऱ्या संपलेल्या असतात, त्यामुळे नर निवांत एकमेकांशेजारी बसलेले सापडतात. हे बसलेले एल्क शोधणं हेच खरं कसब. दोन वर्षांपूर्वी मी एका मित्राच्या मुलीला घेऊन गेलो होतो. वाळक्या गवतात एक सुकलेलं झुडूप आहे, त्यावर पक्षी बसलाय, असं ती सांगत होती. पक्षी खरा होता: पिवळ्या चोचीची मॅगपाय, हीसुद्धा फक्त कॅलिफोर्नियातली. आम्ही मॅगपायकडे बघत असताना झुडूप वळलं. आधी एक कान हलला, मग काळसर मान वर आली, मग नाकातून निघालेली वाफ दिसली. मॅगपाय शिंगावरून खाली उतरून पाठीवर आली आणि केसांत चोच घालून काहीतरी, बहुधा गोचीड, उपसायला लागली. एल्कने डोळे मिटून घेतले. आमच्या गाडीत पाच मिनिटं कुणी शब्द काढला नाही. म्हणून सांगतो, पाच मैलांना तासभर द्या, आणि गवतातल्या प्रत्येक वाळक्या फांदीवर दुर्बीण लावा.

गाडीतून खाली उतरण्याचा मोह आवरा. ठरवून दिलेल्या थांब्यांवरच उतरा. गाडीचा आकार पक्ष्यांच्या आणि जनावरांच्या सवयीचा झालेला असतो, उभा माणूस दिसला की मात्र सगळं उठतं. मी सुरुवातीच्या काळात एकदा पाण्याकाठी गाडीचं दार नेहमीसारखं आपटून बंद केलं. समोर पाण्यावर चार-पाच हजार पांढरे हंस होते. ते उठले, डोक्यावरून दोन घिरट्या घातल्या आणि गेले ते गेलेच. मागच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून माझ्याकडे फक्त बघितलं. शिवी परवडली असती. इंजिन बंद, रेडिओ बंद, काचा अर्ध्या खाली, एवढं पाळलंत तर आईंना सीटवरून न उठता सगळं दिसेल. या जागेचं त्यांच्यासाठी हेच सगळ्यांत मोठं सुख आहे.

व्हिजिटर सेंटरपाशी स्वच्छतागृह आहे. डबा तिथेच खा, कारण आत खायला काही मिळत नाही. मग दुपारी पाणपक्ष्यांचा मोठा मार्ग. इथे बाबांना घरच्यासारखं वाटेल. भिगवणचा थापट्या आणि तलवार बदक हे तेच, अगदी त्याच जातीचे. तिकडे सैबेरिया-मध्य आशियातून येतात, इकडे अलास्का-कॅनडातून. डोकं पाण्यात, शेपटी आभाळात, अशी तलवार बदकांची रांग मुलाला हमखास हसवते. थापटे कधी कधी गोल रिंगण धरून एकमेकांच्या मागे पोहतात. पुढच्याच्या पायांनी गढूळ झालेल्या पाण्यातून मागचा चोचीने गाळून खातो. बाकीचे चुलतभाऊ ओळखायला सोपे आहेत. आपल्या शेकाट्यासारखा काळ्या मानेचा शेकाट्या, उचाट्याची अमेरिकन बहीण, मोर शराटीसारखी पांढऱ्या चेहऱ्याची शराटी, तारेवर बसलेला खाटीक आणि हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली पांढऱ्या शेपटीची घार, म्हणजे आपली कापशीच म्हणा. लव्हाळ्यावरून अगदी खालून तरंगत जाणारा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेला शिकारी पक्षी दिसला की तो भोवत्या. आणि काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी बांधावर शेकड्याने चरत असतात. मुलाला त्यांची मोजणी द्या, अर्धा तास शांततेत जाईल.

बाबांसाठी खरी मेजवानी मात्र पाण्याची आहे. वरवर बघता हे सगळं निसर्गाने सोडून दिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक तळं म्हणजे बांध घातलेला वाफा आहे. त्याला पाट आहे, दार आहे आणि दाराच्या खाचेत बसवलेल्या लाकडी फळ्या आहेत. एक फळी काढली की पातळी एवढी उतरते, घातली की एवढी चढते. उन्हाळ्याच्या शेवटापासून पाणी भरत जातात आणि हिवाळा संपला की हळूहळू सोडून देतात. मग उघड्या चिखलावर बदकांना आवडणारं बियांचं गवत उगवतं, त्याला उन्हाळ्यात एखादं आवर्तन देतात, आणि पुन्हा पाणी भरलं की त्या बिया हेच बदकांचं कोठार. पाणी वीतभर खोल हवं, कारण तलवार बदकाची मान जेवढी पोचते तेवढंच त्याचं ताट. सेंट्रल व्हॅलीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणथळ जागा गेल्या; उरल्या आहेत त्यांतल्या बहुतेक अशा चारीच्या पाण्यावर जगतात. इथल्या रेफ्यूजना पाण्याचा ठरलेला वाटा मिळाला तो 1992 च्या केंद्रीय कायद्याने. नांदूर मध्यमेश्वरसुद्धा बंधाऱ्यात साचलेल्या गाळामुळेच पाणथळ झालं, त्यामुळे माणसाने अडवलेल्या पाण्याला नाक मुरडणारा मी नाही.

पण पाणी कुठलं, हा प्रश्न विचारायला हवाच. सॅन लुईसचाच एक भाग केस्टरसन नावाचा आहे. तिथल्या तळ्यांत शेतांचं निचऱ्याचं पाणी सोडलं जायचं. त्या पाण्यात जमिनीतून उतरलेलं सेलेनियम होतं. 1983 साली तिथल्या घरट्यांत डोळे नसलेली, चोच वाकडी झालेली पिल्लं सापडली. पुढे ती तळी बंद करून बुजवावी लागली. बाबा पाटबंधाऱ्यातले असतील तर त्यांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

अडीच वाजता, कितीही मन रमलं तरी, तिथून निघा. दिवसाचा शेवट मर्सेड रेफ्यूजला करायचा. सँडी मश रोडवर ते लागतं, तिकडे पोचायला पाऊण तास धरा. 1951 साली ते स्थापन झालं तेच मुळी शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून: हंस आणि बदकं पिकं खातात, तर त्यांना खायला-राहायला वेगळी जागा द्या. आज हिवाळ्यात तिथे वीस हजारांवर सँडहिल क्रौंच आणि साठ हजारांच्या आसपास पांढरे हंस उतरतात. पांढऱ्या हंसांत रॉस गूज आणि स्नो गूज असे दोन प्रकार मिसळलेले असतात. लहान चणीचा, आखूड चोचीचा, भाबड्या चेहऱ्याचा तो रॉस. चोचीच्या कडेला काळी रेघ असल्याने उपहासाने हसल्यासारखा दिसतो तो स्नो. पहिल्या दिवशी नाही ओळखता आले तरी चालेल.

क्रौंच दिवसभर आजूबाजूच्या शेतांत दाणे टिपतात आणि संध्याकाळी उथळ पाण्यात उभे राहून झोपायला येतात, म्हणजे कोल्हा किंवा कायोटी जवळ येताना पाण्याचा आवाज होतो. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सव्वातीन-साडेतीनला पोचून पाच मैलांची एक फेरी मारा आणि चार वाजता पाणी पश्चिमेला दिसेल अशा जागी गाडी लावून बसा. आधी आवाज येतो. गुळण्या केल्यासारखा, लाकडी खुळखुळ्यासारखा. आभाळात अजून काहीच नसतं. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून हाक मैलभरावरून ऐकू येते. मग रेघा दिसतात. मान सरळ पुढे ताणलेली असेल तर क्रौंच, मान दुमडून घेतली असेल तर बगळा, ही एकच खूण मुलाला शिकवा. उतरताना ते पाय खाली सोडतात आणि पंख छत्रीसारखे धरतात, आणि शेवटच्या दहा फुटांत सगळा डौल संपून धप्पकन पाण्यात पडतात. गोंदियाचा सारस ज्याने बघितला असेल त्याला हे त्याच्या मानाने ठेंगणे आणि करडे वाटतील. पण सारस जोडीने दिसतो, इथे तासभर रांगांमागून रांगा येत राहतात.

सामानाचं फार अवडंबर नको. 8×42 ची एक दुर्बीण दोघांत पुरते, मुलाला मात्र हलकी वेगळी द्या, नाहीतर भांडणं. फोटो काढायचे असतील तर पिशवीत दोन किलो तांदूळ भरून ती काचेच्या कडेवर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. स्टँडची गरज नाही. ड्रोन नेऊ नका, पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका, काही खायला घालू नका, आणि गळलेलं शिंग सापडलं तरी उचलून आणू नका. यातली बहुतेक कामं कायद्यानेच बंद आहेत. आईंसाठी शाल, कानटोपी आणि मांडीवर घ्यायला रजई. काचा उघड्या ठेवायच्या असल्याने हीटरचा उपयोग नाही आणि सूर्य गेला की थंडी एकदम हाडात शिरते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन थर्मास चहा. एक कमीच पडतो.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने रेफ्यूज बंद होतं, तेवढी वीस-पंचवीस मिनिटं मात्र वाया घालवू नका. लोक फोटोपुरता उजेड संपला की निघून जातात, आणि हंस खरे उठतात ते नेमके तेव्हा. धुकं बहुधा रात्री उशिरा धरतं, त्यामुळे सहाच्या आत लॉस बानोसला पोचलात तर पचेकोचा रस्ता मोकळा मिळेल. तिथेच पेट्रोल भरून घ्या, घाटात पंप नाही म्हटलं तरी चालेल. आणि थेंबभर जरी धुकं दिसलं तर त्या रात्री लॉस बानोसमध्येच एखादी खोली घ्या. सकाळी एल्कच्या रस्त्यावर पुन्हा एक फेरी होईल, आणि सकाळी ते बसलेले नसतात, चरत असतात.